गाडी इथूनच परत

एकतीस वर्षं मी माईकवर म्हणालो,
कोल्हापूर–मालवण, गगनबावडामार्गे, फलाट चार,
आणि एकदाही त्या गाडीत बसलो नाही.

रिटायर झाल्यावर हिनंच विषय काढला.
समुद्र बघू. ऊन खाऊ.
ऑक्टोबरात तिकडं कसं लख्ख असतं म्हणे,
वरच्या मजल्यावरच्या हर्षदानं मोबाइलवर दाखवलेलं:
निळं पाणी, पिवळी छत्री, शहाळ्यात नळी.
महाद्वार रोडवरनं हिनं एक हॅट आणली,
रुंद कडेची, अबोली रिबिनीची,
घालून एकदा आरशात बघितलं, स्वतःशीच हसली
आणि पिशवीत ठेवली, भडंगाच्या पुड्याखाली.

कळे मागं पडलं तेव्हा काचेवर थेंब.
साळवणला वायपर सुरू.
असळजपाशी ड्रायव्हरनं भरदुपारी दिवे लावले
आणि कंडक्टर शेवटच्या बाकावर जाऊन झोपला.

गगनबावड्याच्या स्टँडात कुणीतरी पोरसवदा कंट्रोलर
खिडकीतनं ओरडला,
"करूळात दरड आलीय, भुईबावडाबी बंद,
गाडी इथूनच परऽऽत."
चाल माझी होती.
शेवटचा शब्द ओढायची खोड
मीच लावली होती डेपोतल्या पोरांना.

माणसं उतरली, चिडली, फोन लावायला लागली.
हिनं पिशवीत हात घातला,
हॅट काढली, भडंग झटकलं, डोक्यावर घातली.
"परत कुणाला जायाचंय?"

लॉज म्हणजे खाडे मामींच्या घराची माडी.
चादरी दमट, दिवा बारीक,
भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर,
त्यात नेमका समुद्र, मावळता सूर्य, एक होडी.
हिनं दोन खुर्च्या ओढल्या, त्याच्यासमोर मांडल्या.
"बसा. आलो की."
मी बूट काढले. पायमोजे पिळले.
तिथं आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो,
होडी जागची हलली नाही,
पाऊसही नाही.

मामींनी नाचणीची भाकरी दिली,
सुकटीची चटणी, वर कच्चं तेल.
"दर्याचं एवढंच घाट चढून येतं," त्या म्हणाल्या,
"हे, आन् हा पाऊस."
ही तशीच उठली, खिडकीबाहेर हात काढला,
तळव्यातलं पाणी चाटून बघितलं.
"खोटं. खारट न्हाई."

मला पाऊस म्हणजे काय, तर उशिरा आलेल्या गाड्या.
वहीत लाल शाईनं वेळ. माणसांच्या शिव्या.
राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट,
शिवाजी पुलावरनं एसटी सोडायची की नाही.
पाऊस नुसता पडतो,
कुणाची काही वाट न अडवता पडतो,
हे मी त्या माडीवर पहिल्यांदा बघितलं.
पत्र्यावर जोरात, गवतावर हलका,
मामींच्या पालथ्या घागरीवर वेगळाच.
धुकं तर सरळ खोलीत यायचं, बाजेवर बसायचं,
आणि चहा झाला की जायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही काहीच केलं नाही.
हे मी खाली पोस्टकार्डावर लिहिलंसुद्धा असतं,
पण पोस्टकार्ड मिळालं नाही.
पत्त्यांत हिनं मला अकरा वेळा हरवलं.
बाराव्यांदा मी पान लपवलं, तरी हरवलं.
संध्याकाळी कड्यापर्यंत चालत गेलो, एका छत्रीत,
खाली कोकण असणार,
दिसत होतं ते पांढरं, ढवळलेलं, ताकासारखं.
हॅटची रिबीन रंग सोडत होती,
हिच्या कपाळावर अबोली ओघळ.
मी पुसायला गेलो. "राहू द्या," म्हणाली.

तिसऱ्या सकाळी ऊन पडलं.
एकेरी वाहतूक चालू झाली.
पोरानं मला ओळखलं होतं कुणाच्या तरी सांगण्यावरनं,
खिडकीतनं माईक पुढं केला,
"सर, तुम्हीच पुकारा की आज."

मी घसा साफ केला.
स्टँडात बारा-पंधरा माणसं, एक बोकड,
आणि समोर मामींच्या चुलीपाशी ही,
हॅट घातलेली, अनवाणी,
हात हलवून मला काहीतरी सांगत होती.
माईक चालू होता, म्हणून मी थांबलो.

"सावकाश पुकारा," ती ओरडत होती,
"चप्पल अजून वाळायची हाय."